साडेसात हजारांचा फॉरवर्ड आणि जागची न हलणारी पेन्शन

आज सकाळपासून एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. ‘ईपीएस ९५ धारकांना आनंदाची बातमी, किमान पेन्शन ७५०० रुपये अधिक महागाई भत्ता मंजूर.’ खाली गुलाबाची फुलं आणि हात जोडलेले. अधिसूचनेचा क्रमांक नाही, तारीख नाही, सहीचा पत्ता नाही. आणि विट्यापासून मिरजेपर्यंत पंच्याहत्तरी गाठलेली माणसं पासबुक पिशवीत घालून बँकेच्या दारात उभी. हे मेसेज बनवणाऱ्याला एकदा त्या रांगेत उभं करायला हवं.

ईपीएस ९५ म्हणजे पीएफ कापल्या जाणाऱ्या कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना. या योजनेतला बदल बातमीनं होत नसतो, राजपत्रातल्या अधिसूचनेनं होतो आणि तिला जीएसआर क्रमांक असतो. मागचा मोठा बदल २२ ऑगस्ट २०१४ च्या जीएसआर ६०९ (ई) नं झाला, लागू १ सप्टेंबर २०१४ पासून. किमान १००० रुपये त्याच्या तीन दिवस आधीच्या, १९ ऑगस्टच्या जीएसआर ५९३ (ई) मधून आले. क्रमांक नसलेला मेसेज आला की डिलीट करा, पुढे ढकलू नका. एवढं तरी करा.

पण मला राग नुसता फॉरवर्डचा नाही. त्याखालच्या कमेंट वाचल्या. सगळे ७५०० वरच बोलतायत. ‘अधिक महागाई भत्ता’ या तीन शब्दांवर एकही माणूस नाही. खरा मुद्दा तिथेच आहे, मंडळी. आकडा दुय्यम आहे.

वाळवा तालुक्यातल्या एका काकूंचं पासबुक बघा. यजमान साखर कारखान्यात सीझनल कायम. नोव्हेंबर १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हापासून सभासद, जून २०१२ ला ५८ पूर्ण. सेवा १६ वर्षं ७ महिने, सहा महिन्यांच्या वर म्हणून १७ धरली. पगार जास्त असला तरी तेव्हाची मर्यादा ६५००. सूत्र सगळ्यांना पाठ आहे : पगार गुणिले सेवा भागिले ७०. म्हणजे ६५०० गुणिले १७ भागिले ७०, पेन्शन १५७९. यजमान गेले. विधवेला निम्मी, म्हणजे ७८९ रुपये आणि काही पैसे. ते हजारापेक्षा कमी म्हणून वर भर घालून १०००. काकूंच्या पासबुकात दर महिन्याला हीच एक ओळ. गॅसचा सिलिंडर भरला की थोडेच उरतात, त्यात बीपीच्या गोळ्या.

हे सतरा वर्षंसुद्धा पुष्कळांना पूर्ण मिळत नाहीत. सीझनल कामगाराचं वर्ष पूर्ण धरायचं असं योजनेतच लिहिलंय, हंगाम चार महिन्यांचा असो की सहा. पण बिगरहंगामाचे महिने एनसीपी, म्हणजे वर्गणी नसलेले दिवस, म्हणून चढवले गेले की सेवा कापली जाते. ज्यांचा १०डी, म्हणजे पेन्शन मागणीचा फॉर्म, अजून भरायचाय त्यांनी आधी टाइम ऑफिसमधून ते दिवस तपासून घ्या. पेन्शन एकदा बसल्यावर दुरुस्तीला जे हेलपाटे पडतात ते सांगायला नकोत.

बरं, आता मूळ मुद्दा. सप्टेंबर २०१४ मध्ये औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे सीपीआय-आयडब्ल्यू, २५३ होता, पाया २००१, म्हणजे त्या वर्षी १०० धरून. आता पाया २०१६ चा आहे आणि ऑगस्ट २०२५ चा आकडा १४७.१. जुन्या मापात आणायला २.८८ नं गुणायचं, ४२३ च्या वर येतो. ४२३ भागिले २५३. तेव्हाच्या हजाराची किंमत राखायची तर आज जवळजवळ १६७० हवेत. भीक नाही, वाढ नाही, फक्त तेव्हाचे हजार. काकूंना मिळतात १०००. म्हणजे सरकारनं एक कागदसुद्धा न हलवता त्यांची पेन्शन चाळीस टक्क्यांनी कापली. कापाकापीचा आदेश काढला असता तर मोर्चा तरी निघाला असता.

आणि हेच ७५०० चं होणार. भत्ता न जोडता उद्या ७५०० दिले आणि महागाई याच चालीनं गेली, तर अकरा वर्षांनी त्याची किंमत आजच्या साडेचार हजारांएवढी. तेव्हा पुन्हा साखळी उपोषण, पुन्हा निवेदनं. आज सत्तरीला असलेल्या माणसानं ते कोणत्या वयात करायचं?

केंद्राच्या पेन्शनरशी तुलना केली की काही लोक चिडतात. चिडू देत. तिथे किमान पेन्शन ९०००. त्यावर जुलै २०२५ च्या दरानं ५८ टक्के महागाई सवलत, म्हणजे ५२२०. नुसती महागाईची रक्कम काकूंच्या अख्ख्या पेन्शनच्या पाचपट. हिशेबही गुंतागुंतीचा नाही. त्याच सीपीआय-आयडब्ल्यूची, २००१ च्या जुन्या मापातली, बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे, २६१.४२ नंच भागायचं, शंभरनं गुणायचं. जानेवारीत एकदा, जुलैत एकदा. निर्देशांकाचं नाव काय? औद्योगिक कामगारांचा! किमती नोंदवायच्या कामगारांच्या बाजारातल्या, भत्ता मिळणार सरकारी नोकराला, आणि कारखान्यात हाडं झिजवलेल्या कामगाराच्या पेन्शनला त्याचा वाराही नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत आज किमान वेतनावर काम करणाऱ्या पोराचा विशेष भत्तासुद्धा दर सहा महिन्यांनी निर्देशांकावर बदलतो. तो निवृत्त झाला की त्या दिवसापासून महागाई संपली असं धरायचं का?

ब्रिटनमध्ये यावरून पेन्शनर कोर्टात गेले. तिथल्या सरकारनं २०१० मध्ये जाहीर केलं की पेन्शनची वाढ आरपीआय या महागाईच्या जुन्या निर्देशांकाऐवजी सीपीआय या दुसऱ्या निर्देशांकावर धरू, एप्रिल २०११ पासून. सीपीआय साधारण कमी निघतो, कारण त्यात घरकर्जाचं व्याज नाही आणि सरासरी काढायची रीतही वेगळी आहे. संघटना लढल्या आणि डिसेंबर २०११ ला हायकोर्टात, मार्च २०१२ ला अपिलात हरल्या. आता २०३० पासून आरपीआयचीच मोजणी बदलणार आहे. त्यावर पेन्शन फंडांचे ट्रस्टी कोर्टात गेले, तेही सप्टेंबर २०२२ ला हरले. त्यांचं भांडण कोणती फूटपट्टी लावायची यावर. आपल्या हातात फूटपट्टीच नाही.

सुरुवातीच्या काही वर्षांत ईपीएसमध्येही दरसाल थोडी सवलत मिळायची, हे जुन्या लोकांना आठवत असेल. फंडाचं मूल्यांकन व्हायचं, त्यावरून वाढ ठरायची. मग तूट दाखवली गेली आणि ती वाट बंद झाली. पुढे २००८ मध्ये पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायची सोयही गेली. २०१४ ला पेन्शनसाठी धरायच्या पगाराची सरासरी बारा महिन्यांची होती ती साठ महिन्यांवर नेली, म्हणजे शेवटचा वाढलेला पगार चार जुन्या वर्षांत मिसळून पातळ केला. प्रत्येक बदल कागदावर किरकोळ दिसतो. पेन्शनरांच्या पासबुकात ते एकावर एक उतरतात.

हो, पैसा कुठून आणायचा हा प्रश्न खोटा नाही. कामगाराच्या पगारातले १२ टक्के सगळे पीएफमध्येच जातात, पेन्शनमध्ये मालकाच्या वाट्यातले ८.३३ आणि सरकारचे १.१६ टक्के. ठीक, मान्य. पण तेही मर्यादेतल्या पगारावरच. ६५०० ची मर्यादा होती तेव्हा महिना ५४१, २०१४ पासून १५,००० वर १२५०. आज पासबुक उघडून बघा, अजून १२५०. पगाराची मर्यादाही गोठवायची, वर्गणीही गोठवायची आणि मग फंडात पैसा नाही म्हणायचं. तुम्हीच पाणी अडवलंत ना!

४ नोव्हेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर ज्यांनी वाढीव पेन्शनचा, म्हणजे मर्यादेऐवजी पूर्ण पगारावरच्या पेन्शनचा, पर्याय भरला, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, म्हणून जरा सबुरीनं लिहितो. ११ जुलै २०२३ पर्यंत मुदत होती. त्यातल्या अनेकांना पीएफमधून उचललेले लाखो रुपये व्याजासकट परत भरायच्या नोटिसा आल्या. भरायचे की नाही हे ठरवताना एक गोष्ट डोक्यात ठेवा : ती मोठी पेन्शनही गोठलेलीच असणार आहे. आज १२,००० दिसले तर ऐंशीव्या वर्षीही १२,००० च. त्यामुळे किती महिन्यांत पैसे फिटतात हे बघताना औषधाचा खर्च आजच्या भावानं धरू नका. घरच्यांनाही सांगा, तुमच्या मागे बायकोला यातली निम्मीच मिळणार आहे.

राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्ये किमान ३००० आणि वर महागाई भत्ता द्या म्हणून शिफारस केली होती. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. पुढे तेच आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, राजभवनात राहून गेले, आणि त्यांच्या अहवालातला भत्ता अजून दिल्लीतच. यावर आणखी काय लिहायचं.

आणि कोणी म्हणेल, भत्ता जोडला तरी सरकार गोठवतंच. खरं आहे, करोनात केंद्रानं जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते रोखले आणि ते अठरा महिन्यांचे पैसे दिले नाहीत. पण रोखलेला हप्ता दिसतो, त्याचा हिशेब मांडता येतो, त्यासाठी भांडता येतं. जो कधी ठरलाच नाही तो हप्ता कुणाकडे मागायचा?

म्हणून खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती. ‘महागाई भत्ता द्यावा’ एवढं मोघम लिहू नका, त्यातून काहीही निघू शकतं. सीपीआय-आयडब्ल्यू, बारा महिन्यांची सरासरी, दर सहा महिन्यांनी, पायाभूत महिना सप्टेंबर २०१४, आणि त्याआधी निवृत्त झालेल्यांना त्यांच्या निवृत्तीचा महिना, असं स्पष्ट लिहा. विधवा पेन्शनचा उल्लेख वेगळ्या ओळीत करा, नाहीतर काकूंसारख्या बायका ‘सभासद’ या शब्दात बसत नाहीत म्हणून बाहेर राहतील. निर्देशांकाचा पाया बदलून नवी मालिका आली तर जुन्या-नव्याला जोडणारा गुणक कोणता लागणार तेही आत्ताच लिहून घ्या. १९८२ वरून २००१ ला येताना तो ४.६३ होता, २००१ वरून २०१६ ला २.८८ ठरला तेव्हा कामगार संघटनांनी तो कमी आहे म्हणून हरकत घेतली होती. नव्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजनही ४६ टक्क्यांवरून ३९ वर आलंय, आणि हजार रुपयांत महिना काढणाऱ्या बाईचा खर्च जवळजवळ सगळा खाण्यावर आणि औषधावर असतो. पेन्शनरांसाठी वेगळा निर्देशांक मागायचा असेल तर तो दुसऱ्या पानावर मागा, पहिल्या पानावर नको. पहिल्या पानावर आहे तोच निर्देशांक जोडून घ्या.

शनिवारी पेन्शनरांच्या बैठकीला येणाऱ्यांनी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स आणा. जीवन प्रमाणाची, म्हणजे हयातीच्या दाखल्याची, तारीख उलटली असेल तर त्याआधी चेहऱ्याच्या ॲपवरून करून घ्या, अंगठा उमटत नाही म्हणून थांबू नका.