दोन तारे देणाऱ्या भाऊंना: अंधार, ‘झेरॉक्स’ आणि धर्मप्रचार

नमस्कार भाऊ. आमच्या संग्रहालयातल्या बायबलच्या दालनात अंधार आहे, काचेत खरं पान नसून ‘झेरॉक्स’ आहे, छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवायचं टेबल बंद होतं आणि धुळ्यात हा धर्मप्रचार कशाला, असं तुम्ही लिहिलंत. काही ठिकाणी चूक आमची आहे, काही ठिकाणी नाही.

अंधार मुद्दाम ठेवलाय. जुन्या कागदावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड टाकत नाहीत. एकदा फिकी पडलेली शाई परत येत नाही. त्यात आपल्याकडची हवा. मे महिन्यात कागद पापडासारखा कडक होतो, जुलैत ओल धरून फुगतो. एसी दिवसा चालू, रात्री बंद हे तर सगळ्यात घातक, रोजच्या आकसण्या-फुगण्याने शिवण सुटते. म्हणून पेटी हवाबंद, आत सिलिका जेल, आणि ग्रंथ सपाट न उघडता तिरप्या आधारावर. पण उन्हातून आलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं धड दिसत नाही आणि पहिलीच पेटी आम्ही दाराशी मांडली होती. ती आत सरकवली. आता आधी मध्यम उजेडाचा बोळ आणि बाक लागतो. पाट्यांचं अक्षर 14 पॉइंटचं होतं, ते 28 केलं. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार. ओळींत जागा कमी पडली की मंद उजेडात सगळी गिचमीड.

‘झेरॉक्स’चं म्हणाल, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, 1616 मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापलं गेलं. त्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही, मग खरं पान आणणार कुठून? तुम्ही पाहिलंत ते नव्याने जुळवलेलं पान: वर रोमन ओळ, खाली तीच देवनागरीत. रोमन ओळ मोठ्याने वाचा, कानाला सरळ ओवी लागते. बायबलची कथा मराठीत आली ती ओवीचं अंगडं घालून, हे सांगायला त्याहून सोपा उपाय नाही. मात्र पाटीवर ‘नवी मांडणी’ असं लिहिलेलं नव्हतं. तो राग रास्त.

आता धर्मप्रचार. पाट्या लिहिताना आमचा नियम एकच: ‘देवाने केलं’ असं वाक्य नाही, ‘बायबलमध्ये असं सांगितलंय’ असं. पत्रकं नाहीत, प्रार्थना नाही. सुरुवातही ग्रंथापासून नाही, रस्त्यापासून आहे. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्यात ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ हेच. शब्द येशूच्या दाखल्यातला, लूकच्या शुभवर्तमानातला, अध्याय 10. वाटमारीत अर्धमेल्या झालेल्या माणसाला याजक टाळतो, लेवी (मंदिरातला सेवक) टाळतो. थांबतो तो शोमरोनी, म्हणजेच समॅरिटन. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दीनार देतो. पेटीतली दोन नाणी त्यासाठीच आहेत: एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर सांगितलं नाही, तर गोष्ट नुसत्या दयेची वाटते आणि तिचा डंख जातो. आमच्या जुन्या पाटीवर नेमकं तेच वाक्य सुटलं होतं. आता सगळ्यात वर आहे.

शेजारच्या भिंतीवर शब्द आहेत: नाताळ, पाद्री, क्रूस. तिन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. पुढे पंडिता रमाबाईंचं काम. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन या निराधार बायकांच्या संस्थेच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ 1924 चा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांना जागा कमी पडली, हे खरं.

ही छपाई कशी व्हायची ते कळावं म्हणूनच खिळ्यांचं टेबल ठेवलंय. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं. ओळ डावीकडून उजवीकडे पण डोक्यावर उलटी जुळवायची. मुलं सुलटी जुळवतात आणि छापल्यावर नाव उलटं दिसतं. खिळ्यांत शिसं आहे, म्हणून जवळ खाणंपिणं बंद आणि नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं. टेबल फक्त शनिवार-रविवारी 11 ते 1 चालतं. खिडकीवर तसं सांगायला हवं होतं, आता पाटी लावली. जुनं तिकीट दाखवा, त्या वेळेत या, पुन्हा पैसे लागणार नाहीत.