अवजारे कमरेला की पिशवीत?

सांगलीत विजेच्या फिटिंगची कंत्राटे घेणाऱ्या माझ्या चुलतभावाने गेल्या दिवाळीनंतर आपल्या १४ कामगारांसाठी टूल बेल्ट आणले आणि साइटवर ते बांधणे सक्तीचे केले. महिनाभरात त्यांतले दोनच वापरात उरले. बाकीचे गोदामात खिळ्याला टांगलेले आहेत. आपल्या माणसांना शिस्तच नको असते, असे त्याचे म्हणणे आहे. कामगार म्हणतात की पट्टा कमरेला काचतो, घोड्यावर (दुहेरी शिडीवर) चढताना अडकतो आणि पिशवीने आजवर कोणाचे काही बिघडवलेले नाही. हा वाद घरच्या फोनवर माझ्यापर्यंत आला तो एका प्रश्नाच्या रूपाने: "तिकडे जर्मनीत सगळे पट्टा बांधूनच काम करतात ना?" मी ११ वर्षे स्टुटगार्टजवळ राहतो आणि इमारतींच्या विद्युत कामांवर देखरेख करतो. त्याला हवे असलेले 'हो' मला देता आले नाही, कारण ते खरे नाही.

इथे पट्टा दिसतो तो प्रामुख्याने लाकडी छप्पर उभारणारे सुतार, कौलारू काम करणारे आणि परांची बांधणारे यांच्या कमरेला. हे लोक दिवसभर अशा जागी असतात, जिथे अवजार ठेवायला सपाट पृष्ठभागच नसतो. इलेक्ट्रिशियन मात्र बहुधा पेटी घेऊन येतो. एकावर एक अडकवता येणाऱ्या त्या पेट्या गाडीतून उतरतात आणि खोलीच्या मध्यभागी उघडतात. अंगावर उरते ती मांडीजवळ खास खिसा असलेली पँट, त्यात घडीची दोन मीटरची पट्टी, एखादा स्क्रू ड्रायव्हर आणि कानावर पेन्सिल. (कानावरची पेन्सिल मला मिरजेतल्या सुतारांकडेही दिसत असे.) शिकाऊपण संपवून गावोगाव फिरणारे पारंपरिक जर्मन सुतार आजही आहेत. त्यांनी किमान तीन वर्षे आणि एक दिवस घरापासून दूर राहायचे असते आणि काळ्या पोशाखावरून ते लांबूनही ओळखू येतात. पण त्यांचे सामान असते एका चौकोनी कापडात गुंडाळलेले, ज्याला शार्लोटनबुर्गर म्हणतात. आपल्याकडे त्याला बोचके म्हटले असते.

त्यामुळे पट्टा म्हणजे प्रगत आणि पिशवी म्हणजे मागास ही मांडणी मला मान्य नाही. माझे वडील मिरजेत वायरमन होते. सायकलच्या हँडलला अडकवलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत पक्कड, हातोडी, छिन्नी, कानस आणि चिकटपट्टीची गुंडाळी असे, आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. ही पिशवी त्यांच्या जगण्याला नेमकी बसत होती, कारण एका दिवसात चार घरे करायची, तर सामान पटकन उचलता यायला हवे. मोटारसायकलवर बसणाऱ्या माणसाच्या कमरेला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर टोचत राहतात, आणि पडल्यास तेच अंगात घुसतात. मुंबईच्या मजूर नाक्यांवर तर पिशवीतून डोकावणारी करवत, पाइपचा पान्हा किंवा रंगाचा ब्रश हीच त्या माणसाची पाटी असते. त्यावरून मुकादम ओळखतो की हा सुतार, हा प्लंबर, हा रंगारी. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा चामड्याचा रुंद पट्टा घामाने ओला होऊन कातडे सोलवटून काढतो, हे कामगारांचे गाऱ्हाणे शिस्तीच्या नावाखाली झटकून टाकण्यासारखे नाही.

तरीही मी पूर्णपणे पिशवीच्या बाजूने नाही. त्याचे कारण तो शर्टाच्या खिशातला टेस्टर आहे.

जर्मनीत विजेच्या कामाचे पाच नियम शिकाऊ मुलाला तोंडपाठ असावे लागतात: पुरवठा तोडणे, तो पुन्हा कोणी सुरू करणार नाही याची सोय करणे, वीज खरोखर नाही हे तपासणे, भू-जोडणी करून तारा एकमेकींना जोडणे आणि शेजारचे जिवंत भाग झाकणे. यातल्या तिसऱ्या नियमासाठी दोन टोकांचे तपासणी यंत्र लागते. दिवा लागणारा साधा टेस्टर त्यासाठी ग्राह्य धरत नाहीत, कारण लख्ख उजेडात तो दिवा दिसत नाही आणि कोरड्या लाकडी घोड्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो फसवू शकतो. माझ्या भावाकडे अशी दोन टोकांची चार यंत्रे आहेत. ती कुठे असतात, असे विचारल्यावर तो म्हणाला, "पिशवीत." पिशवी असते खोलीच्या कोपऱ्यात आणि माणूस असतो घोड्यावर. अशा वेळी तो खाली उतरून योग्य यंत्र आणत नाही, खिशातला टेस्टर लावून मोकळा होतो. मी स्वतः वडिलांच्या हाताखाली असताना नेमके हेच करत असे. हाताशी जे असते तेच वापरले जाते, आणि म्हणून हाताशी काय असावे हा प्रश्न सोयीपुरता उरत नाही.

पिशवीच्या पद्धतीत आणखी एक माणूस गृहीत धरलेला असतो, ज्याचा उल्लेख या वादात कोणीच करत नाही. तो म्हणजे खाली उभा असलेला हेल्पर. "पक्कड दे, टेप दे, तो पान्हा वर टाक" असे म्हटले की तो देतो. आपल्याकडे वायरमनचा टूल बेल्ट म्हणजे हा मुलगाच होय. मजुरी महाग असल्यामुळे जर्मनीत केवळ अवजार वर देण्यासाठी माणूस ठेवणे कोणालाच परवडत नाही. जो शिकाऊ असतो तो कराराने शिकायलाच आलेला असतो आणि आठवड्यातला काही वेळ व्यवसाय-शाळेत जातो. आपला हेल्पर मात्र तीन-तीन वर्षे खालीच उभा राहतो आणि वर काय चालले आहे ते मान वर करून पाहतो. घोड्यावरच्या माणसाने नेहमीची पाच अवजारे स्वतःजवळ ठेवली, तर त्या मुलाच्या हातात दुसरी पक्कड देता येईल. मला पट्ट्याचा हा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो विकणाऱ्याच्या जाहिरातीत कधी नसतो.

उंचीवरच्या कामात मात्र पट्टाही पुरेसा नाही. सहाव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे १८ मीटरवरून सुटलेली हातोडी जमिनीवर पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ६५ किलोमीटरहून अधिक असतो, मग ती खिशातून पडलेली असो की पट्ट्यातून. तिथे प्रत्येक अवजाराला दोरी हवी. आपल्या साइटवर नुसते 'बेल्ट' म्हटले की लोकांना सेफ्टी बेल्ट आठवतो, आणि अवजारांचा पट्टा बांधलेल्या नव्या मुलाला आपण सुरक्षित आहोत असे वाटण्याचा धोकाही आहे. याउलट चालू पॅनेलच्या अरुंद खोलीत कमरेला लोंबणारे लोखंड हेच संकट आहे, आणि तिथे पट्टा दाराबाहेर काढून ठेवला पाहिजे. एकाच माणसाला एकाच दिवशी तीन वेगळ्या पद्धती लागतात. सक्तीचा नियम त्यांतली एकच ओळखतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मी राहतो त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून मला ओळखीच्या आयटीआयमधल्या मुलांचे फोन येतात. जर्मन भाषेइतकेच ते इथल्या पोशाखाबद्दल आणि पट्ट्यांबद्दल विचारतात. मी त्यांना सांगतो की इथे मालकाला सुरक्षेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून घेण्याची कायद्याने मुभा नाही, हे आधी समजून घ्या. चामडे की कापड हे नंतर पाहू. आपल्याकडे पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १५,००० रुपयांपर्यंतची अवजारे मिळतात, पण तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि गवंडी आहेत, वायरमन आणि प्लंबर नाहीत. त्यांची अवजारे बहुतेक ठिकाणी त्यांच्याच पैशांची असतात. स्वतःच्या पैशांची पक्कड माणूस जिवापाड जपतो, आणि मालकाने न विचारता लादलेला पट्टा खिळ्याला टांगतो, यात मला बेशिस्त दिसत नाही.

भावाला मी असे सुचवले आहे की सक्ती मागे घ्यावी, रुंद पट्ट्यांऐवजी साध्या पट्ट्यात ओवता येतील असे कापडी पाउच आणावेत, आणि त्यांत पहिला कप्पा दोन टोकांच्या यंत्राचा ठेवावा. चार यंत्रांनी भागणार नाही. घोड्यावर चढणाऱ्या प्रत्येकाला एक लागेल. पाउचमध्ये बाकी काय ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. त्याने पाउचचे मान्य केले आहे. यंत्र हरवले तर त्याचे पैसे पगारातून कापणार, यावर मात्र तो ठाम आहे, आणि तसे केले तर मुले ते यंत्र घरी कपाटात जपून ठेवतील, हे मी त्याला अजून पटवू शकलेलो नाही.