बोनसच्या नोंदीत बँक खातं कुठे आहे?

विप्रोचा विषय निघाला की अमळनेरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘बोनस देऊन कंपनीने पैसा दुप्पट केला, प्रीमियमवर शेअर विकून नफा कमावला, बायबॅकचे शेअर तिजोरीत ठेवले, भाव चढला की परत विकेल.’ (बायबॅक म्हणजे कंपनीने भागधारकांकडून स्वतःचेच शेअर परत विकत घेणं.) १९४५ साली कंपनी सुरू झाली ती इथेच, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. गावात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले शेअर आहेत, त्यामुळे विश्वासही पटकन बसतो. जरा रोजकीर्द, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींची वही, उघडू या.

आधी बोनस. डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोने एकास एक बोनस दिला, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट: सुमारे ५२३ कोटी नवे शेअर, दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली मूळ किंमत) २ रुपये. नोंद अशी: राखीव निधी (साठवलेला नफा वगैरे) नावे म्हणजे तेवढा कमी, भाग भांडवल जमा म्हणजे तेवढं जास्त, सुमारे १,०४६ कोटी. बँक खात्याला हातही लागत नाही. भागधारकांचाच निधी एका खात्यातून दुसऱ्यात गेला, कंपनीची निव्वळ मालमत्ता होती तेवढीच राहिली. म्हणूनच बाजारात भाव निम्म्यावर आला. (ते पाहून ‘शेअर पडला’ म्हणणारेही भेटले, तो आणखी निराळा गोंधळ.) अमळनेरच्या जुन्या भागधारकांची श्रीमंती खरीच, पण ती कंपनीने वर्षानुवर्षे कमावलेल्या नफ्याची आणि त्यांनी शेअर न विकता धरून ठेवल्याची.

प्रीमियमचं थोडक्यात. दर्शनी १० रुपयांचा नवा शेअर कंपनीने १०० ला विकला तर बँक १०० ने नावे (बँकेसारख्या मालमत्तेच्या खात्यात नावे म्हणजे वाढ), भांडवल १० ने जमा, सिक्युरिटीज प्रीमियम ९० ने जमा. हे ९० नफा-तोटा खात्यात जात नाहीत आणि त्यातून लाभांश वाटता येत नाही. कंपनी कायदा २०१३, कलम ५२ वाचा.

बायबॅकचा दावा मात्र सरळ चुकीचा. तिजोरीत ठेवलेले शेअर अमेरिकी कंपन्यांच्या ताळेबंदात दिसतात. मेसेज बहुधा तिथल्याच पुस्तकातून उचललेला. आपल्याकडे कलम ६८ प्रमाणे बायबॅक पूर्ण झाल्यापासून सात दिवसांत ते शेअर रद्द करावे लागतात. २०२३ मध्ये विप्रोने ४४५ रुपये भावाने १२,००० कोटींचे शेअर परत घेतले. त्यात भाग भांडवलाला नावे पडले जेमतेम ५४ कोटी, बाकी भार राखीव निधीवर. शिवाय राखीव निधी किंवा प्रीमियममधून बायबॅक केला की दर्शनी किमतीएवढी रक्कम भांडवल परतफेड राखीव निधीत टाकावी लागते, आणि तो निधी पुढे बोनस शेअर देण्यासाठी वापरता येतो.