फ्यूज काढून मागचे पॅड वाचत नाहीत

"स्पोर्ट्स कारचे मागचे ब्रेक पॅड पुढच्यांआधी संपले म्हणजे डुप्लिकेट माल. उपाय : ईएसपीचा फ्यूज काढा, पिनांना ग्रीस मारा, सी-क्लॅम्पनं पिस्टन दाबून घरीच पॅड बदला." हा मेसेज कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. काल घरातल्याच माणसानं विचारलं, "फ्यूज नेमका कुठला?" तेही भर पावसात, गगनबावड्याला निघायच्या आदल्या दिवशी!

तर आधी फ्यूज. बहुतेक गाड्यांत ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी) एकाच युनिटवर चालतात. फ्यूज काढला की दोन्ही जातात आणि सोबत ईबीडीही जातं. मागच्या चाकांना किती प्रेशर द्यायचं ते ईबीडी ठरवतं. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असायचा, आताच्या बहुतेक गाड्यांत तो नसतोच. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि आवरायला कुणी नसलं तर तीच आधी लॉक होऊ शकतात. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर शेपूट फिरतं, आणि करूळ घाटाच्या ओल्या वळणावर शेपूट फिरायला जागा कुठं आहे? एकीकडं कडा, दुसरीकडं दरी. अमेरिकेच्या रस्तासुरक्षा संस्थेनं, एनएचटीएसएनं, 2007 साली ईएसपीसारखी यंत्रणा सक्तीची करताना अंदाज दिला होता : एकट्या गाडीचे अपघात कारमध्ये 34 टक्के आणि एसयूव्हीत 59 टक्के कमी होतील. चार पॅडांच्या पैशांसाठी हे संरक्षण काढून टाकायचं?

फ्यूज काढायला सांगण्यामागची समजूत अर्धी खरी आहे, तेवढी मान्य करतो. इलेक्ट्रॉनिक्स मागचे पॅड खातंच. वळणात लवकर रेस दिली की फिरू लागलेल्या चाकाला यंत्रणा ब्रेक लावते. पोर्शेचं पीटीव्ही तर वळणात मागच्या आतल्या चाकाला मुद्दामच हलका ब्रेक लावतं. शिवाय अनेक गाड्यांत मागच्या पॅडमध्ये मुळातच माल कमी असतो. म्हणजे मागचे आधी संपले यावरून डुप्लिकेट सिद्ध होत नाही. उपाय पायात आहे : ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. रेस स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावर. उतारावर खालचा गिअर.

खरा बिघाड ओळखायचा तर चाक काढून आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड मोजा. दोन्ही बाजूंना सारखे झिजले असतील तर कारण वर सांगितलेलंच. एकाच चाकाचा आतला पॅड 3 मिमीवर आणि बाहेरचा 6 वर असेल तर फ्लोटिंग कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा, पिनांवर सरकणारा भाग) पिन जाम आहे किंवा पिस्टन परत जात नाही. फिक्स्ड कॅलिपरला सरकत्या पिना नसतातच. तिथं चिखल आणि गंजानं पॅड आपल्या खाचेत अडकतो. घाटावरची तांबडी माती आत वाळून बसली की हेच होतं. वायर ब्रश आणि ब्रेक क्लीनरनं खाच साफ करा, पॅड हातानं सरकला पाहिजे.

ग्रीसचं म्हणाल तर पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, तेही पातळ थरच. साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट बसते. डिस्कला किंवा पॅडच्या तोंडाला थेंबही नको.

सी-क्लॅम्प : इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरनं (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) सर्व्हिस मोडमध्ये घ्या, नाहीतर आतली यंत्रणा तुटते. केबलच्या हँडब्रेकचा पिस्टन बहुधा फिरवून आत घालावा लागतो, दाबून नाही. पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

फ्यूज आधीच काढला असेल तर गाडी बंद करून त्याच अँपिअरचा परत बसवा. चालू केल्यावर एबीएस, ईएसपी आणि ब्रेकचा लाल दिवा विझला नाही, तर घाटाकडं न वळता आधी स्कॅनर लावून घ्या.