हातावर मलई, डोळ्यावर खडू? त्या कमेंटला उत्तर

अगं, आधी एक सांगते, तुझी कमेंट मी उडवलेली नाही, ती स्पॅममध्ये जाऊन बसली होती, काल रात्री दिसली. ताई म्हणून भांडलीस म्हणजे मीही अगं-तुगंच करणार, राग मानू नकोस.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, मागच्या महिन्यात मी एका छोट्या ब्रँडच्या नऊ मॅट (बिनचमकीच्या) आयशॅडोंचे स्वॉच, म्हणजे हातावर ओढलेल्या रंगाच्या पट्ट्यांचे फोटो, टाकले होते आणि खाली लिहिलं होतं की एकदम बटरी, लोण्यासारख्या मऊ आहेत, डोळे झाकून घ्या. (आयशॅडोला डोळे झाकून घ्या, काय पण मी.) हिने त्यातल्या तीन मागवल्या. तपकिरी पॅची, म्हणजे ठिगळाठिगळांची झाली, जांभळी लावली की नाही तेच कळेना आणि फिकट मॉव्हने (करडट जांभळट गुलाबी) पापणीवर राख फासल्यासारखं दिसलं. वर तिचं म्हणणं असं की तुम्ही गोऱ्या, हातावर बोटाने थापता, खाली प्राइमर (शॅडो धरून ठेवणारं चिकट क्रीम) चोपडता, फुकटात आलेल्या मालाचं कौतुक करता आणि पैसे आमचे जातात.

फुकटाचं आधी संपवते. माझ्या पैशाने घेतल्यात, कुरिअरचे वेगळे भरून. फुकट आल्या असत्या तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं, जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे २०२१ पासूनचे नियमच आहेत की पैसे घेतलेले असोत नाहीतर नुसता फुकट माल आलेला असो, ते ठळक सांगायचं.

प्राइमरवर मात्र तू मला बरोब्बर पकडलंस. कोऱ्या हातावरचे फोटो मरगळलेले येत होते म्हणून मी खाली प्राइमर लावला आणि कॅप्शनमध्ये ते लिहायचं राहिलं, राहिलं म्हणजे काय, तेव्हा ते महत्त्वाचं वाटलंच नाही. आता फोटोखाली टाकलंय. मॅटच्या बाबतीत हा फरक फार मोठा पडतो गं. शिमरमध्ये, म्हणजे चमकीच्या शॅडोत, अभ्रकाचे पातळ पापुद्रे असतात, ते त्वचेवर आडवे पसरतात, एकमेकांवर सरकतात, आणि चमक असली की मधल्या फटी दिसत नाहीत, जरीच्या साडीवर डाग दिसत नाही पण कॉटनवर लगेच दिसतो ना, तसं. मॅटमध्ये नुसती टाल्क, चिनी माती असली कोरडी पूड, रंग आणि ते धरून ठेवायला थोडं बाइंडर. चिकट प्राइमरवर ही पूड छान बसते, आणि त्यात बोट म्हणजे काय, बोटाला ऊब असते, तेल असतं, दाब असतो, एका फटक्यात जाड थर बसतो. ब्रशने तेवढं उचललं जात नाही. शिवाय हात सपाट आणि कोरडा, पापणी घडीची, तेलकट आणि दिवसभर उघडझाप करणारी. म्हणजे बोटाच्या स्वॉचवरून शॅडोत रंग किती आहे तेवढं कळतं, ती डोळ्यावर कशी वागेल ते नाही, आणि मी पहिल्यावरून दुसऱ्याचा निकाल देऊन मोकळी झाले.

तर रविवारी परत बसले. या वेळी डोळ्यावर, ब्रशने, आधी कोऱ्या पापणीवर आणि मग प्राइमर लावून.

जांभळीबद्दल तू खरी आहेस. तीन थर देऊनही आतल्या कोपऱ्यात फट राहिली. याला कारण आहे आणि ते फक्त याच ब्रँडचं नाही. तपकिरी, विटकरी, करडे हे सगळे रंग लोखंडाच्या ऑक्साइडचे, लाल पिवळा काळा मिसळून बनवलेले. आपण तुळशीवृंदावनाला गेरू लावतो ना, जात तीच, कॉस्मेटिकवाला कारखान्यात शुद्ध बनवलेला असतो एवढंच. हे रंग दणकट, चिमूटभर पुरतात. जांभळ्याला लागतं अल्ट्रामरीन, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळच म्हण, नाहीतर मॅंगनीज व्हायोलेट, आणि हे दोन्ही रंगाला कमजोर, मग ते भरपूर घालावे लागतात, पुडीचा सगळा तोल बिघडतो आणि लावताना ठिगळं पडतात. जांभळी मॅट ज्याला जमली त्याला सगळं जमलं असं मी एरवी स्वतःच सांगत फिरते आणि इथे प्राइमरवर तीनदा बोट फिरवून तिला तपकिरीच्या रांगेत बसवलं. तो शेरा मागे घेतला.

मॉव्हचं अजून वाईट. मी गोरी नाहीये, गव्हाळ आहे, खिडकीतला उजेड आणि फोनचा ऑटो मोड यांनी मला उजळवलंय, पण म्हणून तुझा मुद्दा खोटा ठरत नाही. माझी नणंद सावळी आहे, तिला चहाचं आमिष दाखवून बसवलं. एका डोळ्याला मॉव्ह लावली, तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, भस्म लावलंस का गं?" रांगोळीत रंग कालवताना मूळ पांढरीच जास्त असली की ठिपक्यांच्या कागदावर तो गुलाबी दिसतो आणि गडद फरशीवर नुसता पांढुरका, तसंच आहे हे. फिकट मॅटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा भरपूर असतो. खाली काहीही लावलं तरी ते पांढुरकेपण जाईना, दोन प्रकारे करून बघितलं. तेव्हा सावळ्या रंगाला ही मॉव्ह घेऊ नका, सरळ. विटकरी मात्र तिच्यावर इतकी सुरेख दिसली की माझ्यावर ती फिकीच म्हणायची, ती डबी आता तिच्याकडे गेली आहे आणि परत येईलसं वाटत नाही.

आता तपकिरी, इथे मी भांडणार. तू लिहिलंयस की कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) लावून लगेच वर शॅडो लावली. ओल्या कन्सीलरवर पूड जिथे पहिल्यांदा टेकते तिथेच घट्ट धरते आणि मग कितीही घासलं तरी हलत नाही, आणि घासून तू खालचा कन्सीलरही उचललास असणार. अगदी पातळ लाव, जरा सुकू दे, वर अंगाच्या रंगाची एखादी पावडर नुसती टेकव. मग चपट्या ब्रशने तपकिरी थोपट, घासू नको, आणि कडा तेवढ्या मोकळ्या ब्रशने विरघळव. पूड गालावर सांडतेच या शॅडोंची, तेव्हा डोळे आधी आणि फाउंडेशन नंतर. माझ्या पापणीवर अशी लावली तर पॅच नाही, ठाण्याच्या दमट हवेत प्राइमरवर संध्याकाळी सहापर्यंत टिकली, कोऱ्या पापणीवर मात्र जेवणाच्या सुट्टीतच घडीत जमा.

आणि एक बघ, तुझ्या डबीवर वरून चकचकीत कडक साय धरलीये का? सारखं बोट घातलं की बोटाचं तेल मुरून तसं होतं आणि मग ब्रशला काही लागत नाही. सेलोटेप हलकेच टेकवून उचल, वरचा थर निघून येतो. हे ब्रँडवाले पूड हाताने दाबून डबीत भरतात, त्यामुळे एक डबी भुसभुशीत आणि दुसरी दगड असंही होतं, माझी तपकिरी आणि तुझी तपकिरी एकाच दाबाची असेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

गुलाबी डोळ्यावर का लावून दाखवली नाही असंही विचारलंयस. अमेरिकेत काही भडक लाल-गुलाबी रंगांना डोळ्याभोवती परवानगी नाही, म्हणून तिकडचे ब्रँड त्यांना आयशॅडो न म्हणता प्रेस्ड पिगमेंट, म्हणजे नुसती दाबून बसवलेली रंगाची पूड, म्हणतात. या पाकिटावरही तोच शब्द होता, मुंगीच्या अक्षरात. म्हणून हातावरच थांबले. पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं, तेही आता टाकलंय.

इथून पुढे प्रत्येक शेडचे तीन पट्टे टाकेन, कोऱ्या हातावर बोटाने, कोऱ्या हातावर ब्रशच्या एका फटक्यात, आणि प्राइमरवर, शेजारी पांढरा कागद ठेवून म्हणजे फोनने रंग बदलला तर कळेल, आणि एक डोळ्याचा फोटो. नणंद तयार असेल तर तिच्याही डोळ्याचा, तिची अट आहे की दर वेळी एक डबी.

जांभळीचं मी ब्रँडला कळवलंय, अजून उत्तर नाही. तू सेलोटेपचं करून बघ आणि तपकिरीचं काय झालं ते इथेच लिही, या वेळी मी स्पॅम आधी उघडेन.