काटा १०० वर गेला, पण गाडी?

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तिच्यातलं एक म्हणणं पटलंही. त्याच्याकडे येतोच, पण आधी भांडण.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू लागली की गाडी आपोआप सावरणारी सिस्टिम, बंद केल्यावर गाडी हळू पळते हे मी लिहिलेलं वाचून तुम्हाला हसू आलं. सिस्टिम इंजिनची ताकद कापते हे शाळकरी पोरालाही कळतं. मला गाडी जागेवरून जोरात उठवता येत नाही आणि त्याचं खापर मी बटणावर फोडतो. पुरावा म्हणून तुम्ही व्हिडिओ जोडलाय. तुमचीही माझ्यासारखीच मागच्या चाकांवर चालणारी सेडान, सगळं बंद, आणि ४.२ सेकंदांत शून्यापासून ताशी १०० किलोमीटर.

व्हिडिओ मी एकेक फ्रेम थांबवून पाहिला. सुरुवातीला स्पीडोमीटरचा काटा शहाण्यासारखा ३० पर्यंत जातो. मग टायर किंचाळतात आणि काटा ३० वरून थेट ७५ वर. मोजल्या तर १२ फ्रेम, म्हणजे ०.४ सेकंद. आता हिशोब करा. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. एवढा वेग ०.४ सेकंदात वाढला असेल, तर गाडीने गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीहून जास्त प्रवेग घेतला. रस्त्यावरचे चांगल्यातले चांगले टायरही एक पटीच्या आसपासच दमतात. त्या १२ फ्रेममध्ये काचेतून दिसणारा रस्त्यावरचा पांढरा पट्टा बघा, तो जेमतेम बॉनेटखाली सरकतो. पुढे तर आणखी गंमत आहे. काटा ८२ वर जातो आणि तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तळाला टेकलेला असताना ७४ वर परत येतो! ब्रेक तर तुम्ही मारला नव्हता. मोकळ्या फिरणाऱ्या चाकांना तिथे पकड मिळाली, एवढंच झालं. मीटरला वेग कळतो तो चाकांवरून किंवा गिअरबॉक्सवरून. रस्त्याशी त्याची ओळख नाही. चाक जागच्या जागी गरगरलं तर तेही तो इमानदारीत वेग म्हणून दाखवतो. लेखातले माझे ० ते १०० चे आकडे जीपीएसवरचे आहेत, मीटरवरचे नाहीत.

आता 'ताकद कापते'बद्दल. कापते, शंभर टक्के कापते. पण कापते कुठली? गाडी १,७०० किलोची धरू. निम्मं वजन मागच्या चाकांवर, आणि गाडी उठताना थोडं आणखी मागे सरकतं म्हणून साधारण ६० टक्के धरा. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड साधारण वजनाइतकीच असते, म्हणजे मागची दोन चाकं मिळून फार तर १०,००० न्यूटनचा रेटा रस्त्याला देऊ शकतात. इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ५०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर तो चौपट करतो, मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल तिप्पट. झाले ६,०००. चाकाची त्रिज्या ३३ सेंटीमीटर, तेव्हा रस्त्याशी पोचतात १८,००० न्यूटन. दहा मावतात तिथे अठरा ओतले तर वरचे आठ कुठे जाणार? टायरच्या धुरात. सिस्टिम कापते ते हेच आठ. याच हिशोबाने अशा गाडीचा ० ते १०० चा वेळ ४.७ सेकंदांच्या आसपास अडतो. रबर फारच चिकट असेल तर थोडा खाली येईल, पण इंजिन कितीही मोठं बसवलं तरी फार नाही.

पटत नसेल तर बीएमडब्ल्यूच्या एम५ कडे बघा. २०११ ची एम५ फक्त मागच्या चाकांवर चालायची, ५६० अश्वशक्ती, कंपनीचा आकडा ४.४ सेकंद. २०१७ ची चारही चाकांवर, ६०० अश्वशक्ती, ३.४ सेकंद. मध्ये गिअरबॉक्सही बदलला हे खरं, पण ४० घोड्यांत अख्खा सेकंद येत नसतो. तो आला पुढच्या दोन टायरमधून. त्याच गाडीत फक्त मागची चाकं चालवायची सोय आहे, आणि ती स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद केल्याशिवाय मिळत नाही. ज्याने वापरली त्याला विचारा, ती मजेसाठी आहे की घड्याळासाठी.

चाक अजिबात घसरू नये असंही नाही. कोरड्या रस्त्यावर टायर सर्वांत जास्त ओढतो तो १० ते २० टक्के घसरताना. गाडी ताशी ३० ने जात असेल तर चाक ३३ ते ३६ ने फिरायला हवं. त्यापुढे रबर तापतं, पुसलं जातं, आणि रेटा वाढायच्या ऐवजी घटतो. हे कानाला कळतं. टायर खालच्या आवाजात गुरगुरत असेल तर काम चाललंय, किंचाळायला लागला की नाही. तुमच्या व्हिडिओत चाक ७५ ने आणि गाडी तिशी-पस्तिशीत.

घसरणारं चाक आडवी पकडही सोडतं, हे वेगळंच दुखणं. मी चाचणी घेतली ती धावपट्टी मधे उंच आणि कडेला किंचित उतरती होती, चालताना जाणवणारही नाही इतकी. पण चाकं मोकळी सुटली की गाडीचा मागचा भाग दर वेळी त्याच उताराकडे जायचा. एकदा मी घाबरून पाय एकदम उचलला. चाकांना फटकन पकड मिळाली आणि गाडीने उलट्या बाजूला असा हिसका दिला की स्टिअरिंग सरळ करेपर्यंत घाम फुटला. माझ्या फेऱ्यांच्या यादीतला ६.१ सेकंद तो हाच. आणि तुम्ही हे चालू रस्त्यावर केलंय. नवव्या सेकंदाला डाव्या कडेने एक सायकलवाला जातो. तुमची नजर तेव्हा मीटरवर असणार.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. सिस्टिम चालू ठेवून माझ्या पाचही फेऱ्या ५.१ ते ५.२ च्या आल्या. बंद करून चार फेऱ्या ५.४ ते ६.१, पण एक आली ५.० ची. म्हणजे सगळ्यांत वेगवान फेरी बंद सिस्टिमचीच, आणि तरी मी 'बंद केली की गाडी हळूच पळते' असं ठोकून दिलं. ती फेरी मी अर्ध्याच पायावर उठवली होती, दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुर थांबल्यावर पाय तळाला नेला. सरावलेला ड्रायव्हर हे दहापैकी नऊ वेळा करेल, मी पाचात एकदा केलं. तेव्हा 'तुम्हाला गाडी उठवता येत नाही' हे मान्य, पाचपैकी चार वेळा तरी.

शिवाय जुन्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे याच सिस्टिमचा चाकांची घसरण आवरणारा भाग, खरोखरच आडदांड असायचं. चाक जरा घसरलं की इंजिनचा गळाच दाबायचं आणि गाडी हुंदका देऊन बसायची. तिथे बंद केलेलंच बरं. काही गाड्यांत लाँच कंट्रोल, म्हणजे गाडी जागेवरून आपोआप जोरात उठवायची सोय, लावायलाही आधी स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करावं लागतं, पण तिथे घसरण सांभाळायचं काम लाँच कंट्रोल करतं, तुमचा पाय नाही. वाळूत किंवा बर्फात चाक रुतलं असेल तर थोडं गरगरू देणं हाच उपाय, आणि साध्या गाड्यांत ते बटण मुळात त्यासाठीच दिलेलं असतं.

एक मात्र तपासून बघा. बऱ्याच गाड्यांत बटण नुसतं दाबलं तर ट्रॅक्शनचाच लगाम सुटतो, काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही जाते. सरळ रेषेत उठताना ताकद कापतं ते ट्रॅक्शन कंट्रोल. आपण दोघंही सगळ्याला स्टॅबिलिटीच म्हणत बसलोय, लेखात मीसुद्धा.

मूळ लेखातलं ते वाक्य बदललंय आणि दहाही फेऱ्यांचे आकडे लेखाखाली टाकलेत. तुम्ही पुन्हा कराल तेव्हा बंद जागेत करा, कॅमेरा मीटरवरून हलवा आणि जीपीएस लावा. ४.२ आले तर इथेच छापतो.