मुलाला बोलायला शिकवायचा खर्च कुणाचा?

शाळेत पुस्तकं मोफत, खिचडी मोफत, आठवीपर्यंत फी नाही. पण मुलाला नीट बोलता येत नसेल तर ते शिकवायचे पैसे मात्र आईबापांनी घालायचे. मला हे अजिबात पटत नाही. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा, विशेषतः आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आणि पालकांनी.

माझा मुलगा दुसरीत आहे. कान चांगले, हुशारीही आहे, पण 'क' आणि 'ग' त्याला येत नव्हते. काकीला 'ताती', गाडीला 'दाडी'. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे उच्चार सुधारून देणाऱ्या मॅडम, त्याला आरशासमोर बसवतात आणि जिभेचं टोक लाकडी पट्टीनं अलगद खाली दाबून धरतात. टोक वर जाऊ शकत नाही म्हटल्यावर जिभेची मागची बाजू उचलावी लागते आणि तिथून 'क' निघतो. मग 'अक', 'इक', 'उक'. मग शब्द, मग वाक्य. पट्टी न लावता पहिल्यांदा 'काकी' म्हणाला तेव्हा माझ्या जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे काम चिकाटीचं आहे आणि महिनोन्‌महिने चालतं. आम्ही देतो ते पंचेचाळीस मिनिटांचे 500 रुपये. आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला सहा हजार. शिरोलीच्या फौंड्रीतल्या पगारात हे बसवताना काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. मॅडमची फी जास्त आहे असं मी म्हणत नाही. त्या चार वर्षांचा कोर्स करून, पुनर्वास परिषदेची नोंदणी घेऊन बसल्यात.

आता सरकारी बाजू बघा. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातच साधनं, त्यातच प्रवासभत्ता, त्यातच थेरपी. समजा सगळेच्या सगळे थेरपीवर घातले, तरी आमच्या दरानं सात सेशन होतात. तिसऱ्या आठवड्यातच पैसे संपले.

शाळेत विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "हा दवाखान्याचा विषय आहे." दवाखान्याची वाट आहे हे खरं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येऊन मुलं तपासतात आणि अडचण दिसली की जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. तपासणी चांगलीच आहे. पण गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या आईनं आठवड्यातून तीनदा कोल्हापूरला यायचं कसं? एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं, पण बुडालेली मजुरी कोण देणार? आणि मुलाची शाळा बुडते ती वेगळीच.

माझं म्हणणं असं की हा मुळात शिक्षणाचाच विषय आहे. माझ्या मुलाच्या वहीत 'कमळ'च्या जागी 'तमळ' लिहिलेलं आहे. जसं बोलतो तसं लिहितो. वर्गात 'काल'चं 'ताल' झालं की पोरं हसतात. पोरांचा दोष नाही, लहान आहेत. पण हा हात वर करायचा बंद होतो आणि पुढं बाईंना वाटतं की त्याला येतच नाही. मॅडमच्या खोलीत बसलेला 'क' वर्गात बोलताना निसटतो, कारण वर्गातल्या बाईंना तो कसा काढून घ्यायचा हे कुणी दाखवलेलंच नसतं. थेरपिस्ट शाळेत आली, बाईंशी दहा मिनिटं बोलली, तर तेच काम रोज आपोआप होईल.

खासगी शाळांचं तर विचारूच नका. माझ्या एका मैत्रिणीच्या स्वमग्न मुलीसाठी शाळेनं सांगितलं की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलीसोबत बसणारी मदतनीस, तुम्ही आणा, पगारही तुम्हीच द्या, नाहीतर मुलीला बसवता येणार नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 नुसत्या सरकारी शाळांना नाही, मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश द्या, मुलाच्या गरजेप्रमाणे आधार द्या, असं त्यात आहे. त्या आधाराचा खर्च आईच्या पर्समधून काढा असं त्यात कुठंही नाही.

पुन्हा किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अट आहेच. कलम 31 चा मोफत शिक्षणाचा हक्क त्या टक्केवारीवर अवलंबून. निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा एक लाखापर्यंत आहे, थेरपीलाही चालतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांना. ज्यांना तो लागू आहे त्यांनी जरूर काढा. पण उच्चारांची अडचण असलेली माझ्या मुलासारखी कितीतरी मुलं प्रमाणपत्रातही बसत नाहीत आणि विम्यातही नाही. खरं तर वेळेत मदत मिळाली तर हीच मुलं सगळ्यात लवकर सुधारतात.

सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक, पुढं पंधरामागे एक. ते व्हायलाच हवं. पण विशेष शिक्षक म्हणजे स्पीच थेरपिस्ट नव्हे.

पैसा कुठून आणायचा, असं लोक विचारतात. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला, आणि शिकवायचा खर्च दरबारानं उचलला. पैसा तेव्हाही मुबलक नव्हता. माझी मागणी प्रत्येक शाळेत थेरपिस्ट बसवा अशी नाहीच. तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रात पगारी, कायम थेरपिस्ट नेमा आणि केंद्रशाळांचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळांचे, वार ठरवून द्या. आजूबाजूच्या शाळांतली मुलं तिथं येतील, शिक्षकही बघून शिकतील. खासगी शाळांनी हा खर्च संस्थेच्या बजेटमध्ये धरावा, एका घरावर टाकू नये.

तोपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. त्यातून थेरपिस्टचं मानधन का देत नाही, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. थेरपीची गरज असलेल्या मुलांची यादी करून ठराव घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, पोच घ्या. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, लगेच पाठवते.